विजया और केवलराम, भिलाई से

भिलाई, ४ ऑगस्ट १९८५

शाम भाऊ,

तुझी लिस्ट मिळाली. नागपूरचं पाकीट पाहून मले वाटलं, चला, उत्तर आलं. फोडून पाहते तर काय, 'यंदाची आतापर्यंतची दहा गाणी, पसंतीच्या क्रमाने.' लाज कशी नाही वाटत रे तुले? मी फेब्रुवारीत तुले एक गोष्ट विचारली होती. ती गाण्याची नव्हती.

अन लिस्ट तरी धड करायची होती. पहिल्या नंबरवर ते डिस्कोचं गाणं? ज्यात बाई इंग्रजीत आकडे मोजते अन मागे कोणीतरी पिंप बडवते? पानठेल्यावर दिवसभर वाजते म्हणून ते लोकायच्या तोंडात बसलं आहे, चांगलं आहे म्हणून नाही. पाचव्या नंबरची गझल वर पाहिजे होती. नववं तर लिस्टमध्येच नको, त्याची चाल आपल्या मंडळातल्या जुन्या आरतीची उचललेली आहे, तुले ओळखू नाही आली? एवढा मोठा रेडिओ श्रोता संघाचा अध्यक्ष तू, कान काय सासऱ्याकडे गहाण टाकले? पाहा, असंच करतो तू. मले चिडवून विषय बदलवतो अन मी येडी तुझ्या मागे मागे जाते.

तर विषय. तुले विसरायची सोय आहे, म्हणून सगळं पुन्हा लिहिते.

तीन वर्षांपूर्वी जून महिन्यात, रेडिओवरच्या सकाळच्या फर्माइशीत, अख्ख्या हिंदुस्थानाने ऐकलं, 'शादी की सालगिरह के मौके पर ये गीत सुनना चाहते हैं, भिलाई, सेक्टर छह से विजया और केवलराम.' अन वरून मुबारकबाद. माझं लग्न झालंच नव्हतं. गोंदियाले ठरलं होतं. केवलराम तुझा दोस्त, तुझ्यासंगं प्लांटमध्ये ट्रेनिंगले, कोहक्यात खोली घेऊन राहायचा. 'शाम है क्या घर में?' याच्या पुढे तो माझ्याशी कधी बोलला नाही. गोंदियावाले त्या वेळेस चहा पीत रेडिओ ऐकत बसले होते. आठ दिवसांत त्यायनं सोयरीक मोडली. ज्या पोरीच्या लग्नाचा वाढदिवस रेडिओवर होते, तिचं पुन्हा लग्न कोण करणार?

फर्माइशीचं ते कार्ड तू लिहिलं होतं. कावून लिहिलं, तेही मले माहीत आहे, कारण त्या सकाळी तू अंगणात नाचून राहिला होता, 'लागलं, विजी, लागलं!' सालगिरहच्या त्या कार्यक्रमात आपल्या संघाचं कार्ड कधी लागलं नव्हतं. दुर्गच्या संघाचं लागलं, अन त्यायचा तो सेक्रेटरी तुले बाजारात हसला. ते तुले पचलं नाही. आपल्या संघात लग्न झालेलं कोणीच नव्हतं. अन तुझा नियम तर काय, खोट्या नावाने फर्माइश पाठवणं म्हणजे बेईमानी. वा रे इमानदार! नावं खरी, लग्न खोटं.

आता भंडाऱ्याहून एक स्थळ आलं आहे. दसऱ्याच्या आधी ते लोक पाहायले येणार. रेडिओची गोष्ट त्यायच्या कानावर गेली आहेच. म्हणून बाबाने मले एक वाक्य पाठ करायले दिलं, 'पोरपणात माझ्याकडून चूक झाली, कार्ड मी पाठवलं होतं.' मी केलीच नाही ती चूक मी कबूल करायची, पाहुण्यांसमोर, डोक्यावर पदर घेऊन. मी मरेन, पण म्हणणार नाही.

कार्ड लागलं तेव्हा तू मले आईची शपथ घातली होती, 'तू नाव घेऊ नको, मीच सांगतो.' महिना नाही झाला तर तू नागपूरले पळाला, नोकरी, लग्न, सगळं तिकडेच. मी वाट पाहून पाहून मागच्या वर्षी शपथ मोडली अन बाबाले तुझं नाव सांगितलं. बाबा म्हणाले, 'पोरगा दूर आहे म्हणून त्याच्यावर ढकलते का?' आईचं तर विचारू नको. ताट वाढताना म्हणते, 'द्या, सालगिरहवालीले द्या.' तीन वर्षं झाली, आई माझ्याशी सरळ बोलली नाही. बोरसीच्या शाळेत शिकवायले बोलावत होते, बाबाने जाऊ नाही दिलं. 'आधीच नाव कमी झालं आहे का?' असं म्हणाले.

बाबाले चार ओळी लिही. 'कार्ड मी लिहिलं. विजीले काही माहीत नव्हतं.' मले अजून काही नको तुझ्याकडून. गाण्याच्या लिस्टा तुझ्या बायकोले वाचून दाखव.

विजया


भिलाई, २५ ऑगस्ट १९८५

शाम भाऊ,

हद्द झाली. मी काय मागितलं अन तू काय पाठवलं? 'टीव्हीवरच्या कॉमेड्या, एक ते सात, अन राखी अजून कावून नाही आली?'

राखी येणार नाही. विचारून मोकळा झालास, आता ऐक.

तुझ्या लिस्टीत दुसऱ्या नंबरवर तो नवरा-बायकोचा कार्यक्रम आहे, ज्यात बायको मूर्ख दाखवतात अन नवरा कपाळावर हात मारते. तो मले सगळ्यात भिकार वाटते. बायको भोळी आहे म्हणून हसायचं, बस, एवढाच विनोद. प्रत्येक शुक्रवारी तेच. त्याच्यापेक्षा तो म्हाताऱ्या भाडेकरूचा बरा होता, ज्यात कोणीच कोणाले मूर्ख नाही समजत अन तरी हसू येते. तो तू लिस्टीत घेतलाच नाही. तुले दुसऱ्याची फजिती झाल्याशिवाय हसूच येत नाही. लहानपणापासून तसाच आहे.

आता मी तुले एक लिस्ट देते. सिनेमातल्या बहिणी. दुर्गच्या टॉकीजमध्ये, मैदानातल्या पडद्यावर अन आता व्हीसीआरवर पाहिलेल्या सगळ्या आठवून लिहिते.

एक ती, जी पहिल्या रिळात राखी बांधते, गाणं म्हणते अन इंटरवलच्या आधी मरते. अशा ढिगाने आहेत. दोन ती, जी आंधळी असते, म्हणजे भावाले ऑपरेशनचे पैसे कमवायले चोर होता येते. तीन ती, जिची बदनामी होते अन जी विहिरीकडे पळत जाते. विहीर नसली तर रेल्वेलाइन. चार ती, जी कॉलेजात जाते म्हणून वाया गेलेली. बहीण कोणतीही राहो, तिचं काम एकच, तिच्यावर काहीतरी आलं पाहिजे, म्हणजे हिरोले राग येते. ती स्वतः कधी रागावत नाही. मी आठवून आठवून थकली, एकाही सिनेमातली बहीण भावावर रागावली नाही. पाचव्या नंबरवर कोणाले लिहू, सांग बरं.

अन सिनेमात बहिणीची बदनामी झाली की भाऊ चाकू घेऊन निघते. माझा भाऊ रेल्वेचं तिकीट घेऊन निघाला.

केवलरामची गोष्ट तुले माहीत आहे का? कोण सांगणार तुले. तू गेल्यावर बाबा स्वतः कोहक्याले गेले होते. त्याच्या दारासमोर उभे राहून सगळ्यायच्या देखत त्याले बोलले, 'आमच्या घरचं अन्न खाऊन आमच्या पोरीचं नाव रेडिओवर घेतो का?' तो बिचारा हात जोडून म्हणत होता, 'काका, मैंने कुछ नहीं लिखा.' घरमालकाने महिन्याच्या आत खोली खाली करवली. गेल्या उन्हाळ्यात मले तो दुर्गच्या बाजारात दिसला. मले पाहून सडक ओलांडून पलीकडे गेला. चोर सोडून संन्याशाले फाशी म्हणतात ते हेच.

बाबा कोहक्यावरून आले तेव्हा मले त्यायची दया आली होती, भाऊ. घाम पुसत बसले होते. मी पाणी दिलं. मले वाटलं, याईले खरं माहीत नाही म्हणून हे असे वागून राहिले. खरं समजलं की माझ्या डोक्यावर हात ठेवतील. त्याच आशेवर मी आहे. म्हणून तुले पुन्हा पुन्हा लिहिते, नाहीतर तुझं तोंड कोण पाहते.

या खेपेस लिस्ट आली तर न फोडता परत पाठवीन.

विजया


भिलाई, २९ सप्टेंबर १९८५

तुझं अंतर्देशीय मिळालं. शेवटी लिहिलं तू.

'विजी, मी बाबाले त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. बाबाच म्हणाले, तू तोंड उघडू नको, नागपूरचं तुझं लग्न पक्कं होऊ दे. मी काय करणार होतो?'

मी हे वाचलं तेव्हा बाबा समोरच्या खोलीत बातम्या पाहून राहिले होते. मी दारात उभी राहून त्यायच्या पाठीकडे पाहत होती. म्हणजे कोहक्याले जाऊन त्या पोराले शिव्या दिल्या, तेव्हा माहीत होतं. 'पोरावर ढकलते का,' म्हणाले, तेव्हा माहीत होतं. मले ते वाक्य पाठ करायले दिलं अन 'म्हणून दाखव' म्हणाले, तेव्हाही माहीत होतं. तीन वर्षं मी या माणसाले एकच मागत होती, बाबा, माझ्यावर विश्वास ठेवा. विश्वास त्यायच्यापाशी होताच. त्यायनं मले तो दिला नाही.

अन तू म्हणतो, मी काय करणार होतो. तू सांगून मोकळा झाला. एका माणसाच्या कानात सांगितलं, दार लावून. माझं नाव तर अख्ख्या देशाले ऐकू गेलं होतं, लेका!

आईले माहीत होतं का, ते तू नाही लिहिलं. मी विचारलं नाही अजून. विचारायची हिंमत होऊन नाही राहिली. तिलेही माहीत असलं तर मी या घरात एक दिवस राहू शकणार नाही.

पाहुणे अठरा तारखेले येणार आहेत. मी बाबाले काही बोलली नाही. ते वाक्य मले पाठ आहे असं सांगितलं.

विजया


भिलाई, २० ऑक्टोबर १९८५

शाम भाऊ,

तुले दुसऱ्या कोणाकडून समजण्याआधी मीच लिहिते. शेजारच्या गिरजाबाईने आतापर्यंत अर्ध्या सेक्टरले सांगितलं असेल. तिखटमीठ ती लावेल, मी नाही लावत.

पाहुणे शुक्रवारी दुपारी येणार होते. गाडी लेट झाली, घरी येता येता संध्याकाळ झाली. अन शुक्रवार म्हणजे तुले माहीतच आहे. आपल्या सडकेवर अजून आपलाच टीव्ही सगळ्यात मोठा आहे. कॉमेडीच्या वेळेवर सगळी सडक आपल्या समोरच्या खोलीत. बाबा त्यायले नाही कसं म्हणणार? तुझ्या सासऱ्याने दिलेला टीव्ही आहे, तो लोकायनं पाहिलाच पाहिजे ना. तर खुर्च्यांवर पाहुणे, म्हणजे मुलगा देवीदास, त्याची आई सिंधुताई अन एक काका. खाली सतरंजीवर गिरजाबाई अन बाकी बायामाणसं, दारात पोरंटोरं. मले अशा गर्दीत पाहायचा कार्यक्रम. पोहे एकाले दिले तर पाच जण पाहतात.

लागलं होतं तेच, मूर्ख बायकोवालं. त्या दिवशी तिने नवऱ्याच्या साहेबाले जेवायले बोलावलं अन मिठाच्या जागी सोडा टाकला. सगळे हसून राहिले. देवीदास तर विनोद व्हायच्या आधीच हसत होता, म्हणजे चुकू नये म्हणून. मी मनात म्हटलं, या माणसासोबत आयुष्यभर टीव्ही पाहायचा आहे.

सिंधुताई बाबाकडे वाकून म्हणाली, 'ते रेडिओचं काय होतं म्हणे, भाऊजी? लोकं काहीबाही सांगतात, मनून विचारतो. राग नका मानू.'

बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, 'विजे, सांग त्यायले. लाजू नको.'

मी उठली अन टीव्ही बंद केला.

एकदम असं सामसूम झालं की मागून कोणीतरी अजून हसत होतं ते तेवढं ऐकू आलं, मग तेही बंद. दारातून एक पोरगं म्हणालं, 'दीदी, लगाओ ना!' कोणीतरी त्याले टपली मारली.

मी म्हटलं, 'बाबा, तुम्ही सांगा. कार्ड कोणी लिहिलं?'

'बस खाली.'

'शामने लिहिलं. त्याने तुम्हाले त्याच संध्याकाळी सांगितलं. माहीत होतं की नव्हतं, एवढंच बोला. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. नाही म्हणाल तर मी पाठ केलेलं वाक्य आत्ता म्हणून टाकते.'

भाऊ, मी हे खरंच म्हटलं अन खरंच करणार होती. त्यायनं खोटं बोललं असतं तर मी हरली होती. ते टीव्हीच्या काळ्या काचेकडे वळले. मग म्हणाले, आवाज न चढवता, ऑफिसात कोणाले समजावून सांगावं तसं, 'दोन सोयरिकी होत्या. गोंदियाची तर मोडणारच होती. नागपूरवाल्यायले समजलं असतं की पोराने सख्ख्या बहिणीचं नाव असं रेडिओवर उधळलं, तर तीही मोडली असती. दोन्ही बुडवू का? पोराची नोकरीबी त्याच घरातून होती. पोरीचं काय, आज नाही तर उद्या जमते.'

काकाने पोह्याची प्लेट खाली ठेवली.

आई दारात होती, चहाचा ट्रे घेऊन. मी तिच्याकडे पाहिलं, अन भाऊ, तिले माहीत नव्हतं. तिचं तोंड पाहून मले समजलं. तिने ट्रे गिरजाबाईच्या हातात दिला, सतरंजीवरच्या बायांमध्ये खाली बसली अन म्हणाली, 'मले तरी सांगाचं होतं.' बाबा म्हणाले, 'तुह्या पोटात राहिलं असतं का?' आई म्हणाली, 'पोटात पोरगी राहिली होती माह्या. गोष्ट नसती राहिली?'

मग ती रडली. गिरजाबाई, जिने माझ्याबद्दल तीन वर्षं काय नाही सांगितलं, तीसुद्धा रडली. मले तिचा राग आला. तिच्या रडण्याले मी काय करू?

पाहुण्यायचं सांगते. सिंधुताई जाताना म्हणाली, 'मंग पोरीत काही खोट नाही, हे बरं झालं. आमाले पसंत आहे.' काल होकाराची तार आली. मी नाही म्हटलं. बाबाने 'कावून' विचारलं. मी म्हटलं, खोट पाहून घेणाऱ्यायच्या घरी जायले मी काय बाजारातलं पातेलं आहे? अन तो देवीदास, टीव्ही बंद होता तेवढा वेळ त्याने घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. बाबा घरात कोणाशीच बोलून नाही राहिले. मी उद्या बोरसीच्या शाळेत जाऊन विचारणार आहे, अजून जागा आहे का. त्यायले विचारून नाही, सांगून.

कोहक्याले आई अन मी काल जाऊन आलो. केवलराम तिथे राहत नाही, पण घरमालक आहे. आईने त्याले दारात उभं करून सगळं सांगितलं, आजूबाजूचे लोक बाहेर येतील अशा आवाजात. तो म्हणाला, 'अब क्या फायदा, माताजी?' आई म्हणाली, 'फायद्याले नाही आली मी.' केवलरामचा पत्ता त्याने दिला आहे. तिथे आपण जायचं नाही, तिथे तू जायचं, असं आईचं म्हणणं आहे.

मले तुझ्यावर अजूनही तेवढाच राग आहे. बाबाचं समजलं म्हणून तुझा कमी झाला असं समजू नको. ते बाप होऊन एका लेकराले विकून दुसरं वाचवत होते. तू वाचलेला होता, तू कावून गप्प बसला? माझी पत्रं येत होती, तू वाचत होता, अन गाणी नंबराने लावत होता. मले असं वाटते, तू लिस्टा करतो कारण लिस्टीत कोणाले उत्तर द्यावं लागत नाही.

आई माझ्या बाजूले बसली आहे. दुपारपासून म्हणून राहिली, 'माहं बी लिही.' तिने सांगितलं ते जसंच्या तसं खाली लिहिते. माझा त्यात एक शब्द नाही.

'शाम, मी तीन वर्षं माह्या पोरीले बोल लावून अन्न वाढलं. ते आता मांगं घेता येत नाही. दिवाळीले तू ये. बायकोले आण, सासू-सासऱ्यायले आण. शुक्रवारी ये, सगळी सडक बसलेली राहते. तिथी उभा राहून बोल तू काय केलं ते. नाही आला, तर मी नागपूरले येतो.'

विजया